तंबूला कडी नसते

उघड्यावर, चांदण्याखाली झोपण्यातली मजा मला कुणी सांगायला लागलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सांगणारा बहुतेक पुरुष असतो. बाई असली तर ती संडास असलेल्या घरात जन्मलेली असते. माझ्या नवऱ्याचे एक मित्र मागे आमच्याकडे जेवायला आले होते. कुठल्याशा तळ्याकाठी बायकापोरांना घेऊन तंबूत राहून आले होते. भात कालवता कालवता मला म्हणाले, "वहिनी, तिथं सगळं कसं मोकळं असतं." मी त्यांच्या पानात आमटी वाढत होते. ती त्यांच्या हातावर सांडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं. हा राग त्यांच्यावरचा नाही, हे मला कळतं. तो जुना आहे, माझ्या वडिलांवरचा आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझा मलाच घ्यावा लागतो.

सत्त्याऐंशी किंवा अठ्ठ्याऐंशी साल असेल. आम्ही आष्टीला भाड्याच्या घरात राहायचो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते मास्तर होते. शिकवायचे गणित, पण जीव सगळा शाळेच्या स्काऊट पथकात. खाकी हाफ पॅन्ट, गळ्यात रुमाल, दोरीला अडकवलेली पितळी शिट्टी. ही शिट्टी घरातही वाजायची. एक वाजली की उठायचं, दोन वाजल्या की जेवायला यायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, मास्तरांच्या घरी शिस्त बघा. आईला मात्र उठायची शिट्टी कधी लागली नाही. ती त्याच्या तासभर आधी, अंधारातच उठलेली असायची.

का, ते सांगायला हवं. आमच्या घराला संडास नव्हता. गल्लीतच कुणाच्या घराला नव्हता. पुरुष हातात टमरेल घेऊन, बिडी ओढत, दिवसा कधीही जायचे आणि वाटेत भेटणाऱ्याशी गप्पाही मारायचे. बायकांना दोनच वेळा. उजाडायच्या आत, नाहीतर अंधार पडल्यावर. मधे पोटात कितीही कळ आली तरी तोंड दाबून बुक्क्यांचा मार. लघवीपुरती घरात न्हाणी होती, तेवढीच सोय. आणि अण्णा शाळेत स्वच्छतेचा धडा शिकवायचे, काठीनं तक्त्यावरचं संडासाचं चित्र दाखवून. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. घरी विषय निघाला तर म्हणायचे, घरमालकाचं काम आहे ते.

दर मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो. त्या वर्षी अण्णांनी जाहीर केलं की यंदा आजोळ नाही, सगळ्यांनी मिळून तीन दिवस गोदाकाठी सहलीला जायचं. सगळे म्हणजे आम्ही पाच जण. अण्णा, आई, माझा थोरला भाऊ, मी आणि आत्या. आत्या अण्णांची मोठी बहीण. नवऱ्यानं टाकल्यापासून ती आमच्याकडेच असायची आणि अण्णांना तोंडावर बोलणारी घरात ती एकटीच होती. गोदाकाठी एका गावात, दरडीवर, एक मठ होता. मठाला भाविकांसाठी चार खोल्या होत्या. खाली नदीची वाळू. राहायचं कुठं, मठाच्या खोलीत की वाळूत तंबू ठोकून, एवढाच प्रश्न होता. शाळेचे दोन तंबू सुट्टीत कपाटात पडूनच असायचे.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती आणि आत्या शेजारी बसली होती. मी जरा बाजूला लसूण सोलत होते.

"आक्का, शेजारची मठात राहून आल्ती," आई म्हणाली. "खोलीला आतून कडी हाय म्हणं. अन् मागं नवा संडास बांधलाय. त्यालाबी दार हाय, कडी हाय."

"भाडं किती घेत्यात?"

"भाडं न्हाई. देवापुढं काय ठेवायचं ते ठेवा म्हणत्यात."

"मंग सांग की त्याला, खोलीच घे म्हणून."

"काय सांगू? संडासासाठी खोली घ्या म्हणू का?" आई हसली. मग भाकरी उलटता उलटता म्हणाली, "जलमभर अंधाराची वाट बघून राह्यले, आक्का. तीन दिवस तरी उजेडात जाऊन यावं वाटतंय. दुसरं काहीच नको मला तिथलं."

हे सगळं मी ऐकलं. मी बारा वर्षांची होते, कुकुलं बाळ नव्हते. मला पक्कं कळलं होतं.

त्याच दिवशी दुपारी अण्णांनी मला ओसरीवर बोलावलं. मुलींना त्यांच्या पथकात जागा नव्हती आणि मी त्यासाठी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते, हे त्यांना माहीत होतं. ते म्हणाले, "तंबूत राह्यलो तर आपल्या तुकडीची नायक तू. शिट्टी तुझ्या गळ्यात. खोलीत राह्यलो तर मंग कसली तुकडी अन् कसला नायक." मी त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघत राहिले.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्यांनी मतदान घेतलं. "आपल्या घरात लोकशाही हाय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांचं आवडतं होतं. आईनं कारण एवढंच दिलं, की मठात सावली आहे, खोली बरी. खोलीसाठी आईचा हात वर झाला आणि आत्याचा. तंबूसाठी अण्णांचा आणि भावाचा. आईनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिला माझ्याबद्दल शंकाच नव्हती, ती उठून चुलीकडे निघालीसुद्धा होती. मी तंबूसाठी हात वर केला.

"तीन विरुद्ध दोन," अण्णा म्हणाले. "बराबर ना?"

"बराबर," आई म्हणाली आणि आत गेली.

या लोकशाहीचा मला आज एवढा संताप येतो की दातओठ खावेसे वाटतात. स्वयंपाक कुणी करायचा, भांडी कुणी घासायची, पाणी कुणी आणायचं, यावर त्या घरात कधी मतदान झालं नाही. ते ठरलेलंच होतं. मतदान फक्त एका गोष्टीवर झालं, आणि तेही आधी पोरीला फोडून. वर बाईनं "बराबर" म्हणायचं. आणि पोरगी तरी कशाला फुटली, तर पितळेच्या तुकड्याला.

एस.टी.नं आम्ही गेलो. वर धरण झाल्यापासून उन्हाळ्यात गोदावरी म्हणजे नुसती वाळू आणि मधे मधे डोह. त्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लावलेल्या होत्या, दूरपर्यंत. वाडीवाडीत राखणीची खोप, खोपीत माणसं. डोहावर म्हशी, म्हशींबरोबर गुराखी. काठाला वेड्या बाभळी होत्या, पण उन्हाळ्यानं झडलेल्या, आणि त्यांच्या सावलीला कुणी ना कुणी आडवा पडलेला. अण्णांना ही जागा फार आवडली. "चारी बाजू मोकळ्या," ते म्हणाले. एक तंबू पुरुषांचा, एक बायकांचा. वर दरडीवर मठ दिसत होता. चारही खोल्यांना कुलपं होती, म्हणजे खोल्या रिकाम्या होत्या. आई तंबूची दोरी धरून उभी होती आणि तिकडे बघत होती.

तीन दगडांची चूल मांडली. वारा सुटला की वाळू पिठात यायची आणि धूर आईच्या डोळ्यांत. अण्णा आम्हाला गाठी बांधायला शिकवत होते, काठीच्या सावलीवरून दिशा ओळखायला शिकवत होते. मग अण्णा आणि भाऊ डोहात पोहायला. मी नायक होते. माझ्या गळ्यात शिट्टी होती. दुपारी मला भूक लागली तेव्हा मी तंबूपुढे उभी राहून दोन शिट्ट्या वाजवल्या. आईनं पिठाच्या हातानं डोळ्यावरची बट मागे सारली आणि माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून पुढची भाकरी थापली. अण्णा पाण्यातून ओरडले, "शाब्बास."

वाडीवाला भला माणूस होता. मास्तर आलेत म्हणून त्यानं दोन मोठी टरबुजं आणून दिली. अण्णांनी ती गुडघ्यावर आपटून फोडली. आम्ही हनुवटीवरून रस गाळत खाल्ली. आईला फोड दिली तर ती नको म्हणाली. "मला न्हाई आवडत."

"तुझ्या आईला टरबूजसुद्धा गोड लागत न्हाई," अण्णा भावाला म्हणाले आणि दोघं हसले.

आईला टरबूज फार आवडायचं. आजोळी मामा आणायचा तेव्हा ती सालीपर्यंत खायची. मला हे माहीत होतं आणि तरी माझं डोकं चाललं नाही. पाणीही ती पीत नव्हती. घागर भरून ठेवली होती, सगळ्यांना तांब्या तीच देत होती, स्वतः फक्त चूळ भरून थुंकत होती. इथं तर न्हाणीचाही आडोसा नव्हता. जाणं नको म्हणून पिणं नको, असा तिचा सरळ हिशेब. मे महिन्यात, नदीच्या वाळूत, चुलीपुढे बसून.

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता ती वाळूत आडवी झाली. ओठ पांढरे पडले होते, हात ओटीपोटावर. भाऊ ओरडला तसे अण्णा डोहातून धावत आले.

"ऊन लागलंय," ते म्हणाले. "कांदा फोडा जल्दी. हुंगायला द्या."

"ऊन न्हाई लागलं," आत्या म्हणाली. तिनं आईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "कालपासून पाण्याचा थेंब न्हाई तिच्या पोटात."

"का?"

"का म्हणून इचारतोस? प्यालेलं पाणी कुठं टाकायचं तिनं? तुझ्या तंबूत?"

अण्णांना कळायला थोडा वेळ लागला. आणि कळल्यावर त्यांना हसू आलं. हसून ते म्हणाले, "एवढंच ना? मंग जायचं की त्या बाभळीकडं. आम्ही न्हाई का जात?"

आम्ही न्हाई का जात. पुढे कितीतरी पुरुषांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं, शिकल्यासवरल्या, सभांमधून भाषणं ठोकणाऱ्या. पहिल्यांदा ऐकलं ते बापाच्या तोंडून, आणि तेव्हा त्यांच्या अंगावरून डोहाचं थंड पाणी निथळत होतं.

आई उठून बसली. आत्यानं दिलेला तांब्या तिनं बाजूला ठेवला. तव्यावरची भाकरी उतरवली, ती पुरती भाजली होती का ते उलटून बघितलं, परातीतलं पीठ झाकलं. मग तंबूत जाऊन पिशवी घेऊन आली.

"कुठं चालली?" अण्णांनी विचारलं.

"खोलीत."

"अगं, आपलं मतदान झालंय."

"व्हय. तुमी जिंकले," आई म्हणाली. "राहा मंग तंबूत."

ऐन दुपारी, तापलेल्या वाळूतून, मधे मधे थांबत ती दरड चढली. मी थोडं अंतर ठेवून मागे गेले. मठ सांभाळणारे एक म्हातारे बुवा ओट्यावर वाती वळत बसले होते.

"कोण गाव, माय?"

"आष्टी."

"किती जण?"

"एकटी."

त्यांनी पुढं काही विचारलं नाही. किल्ली दिली, मागे बोट करून मोरी अन् संडास तिकडं आहे म्हणाले, आणि पुन्हा वाती वळायला लागले. आई आत गेली. दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज मला ओट्यापर्यंत ऐकू आला.

मी खाली तंबूकडे परत आले. तासाभरानं आत्या आपलं बोचकं घेऊन वर गेली. तिला आईनं दार उघडलं. मग अण्णांनी भावाला पाठवलं, चहाचं विचारून ये म्हणून. त्याला उघडलं नाही. रात्रीचा स्वयंपाक अण्णांनी केला. शिबिरात चाळीस पोरांची खिचडी करणारा माणूस, पण तिथं तांदूळ निवडून द्यायला आणि चूल फुंकायला पोरं असायची. खिचडी खालून करपली आणि वरून कच्ची राहिली, वाळू तर होतीच. "बायकांना चार भिंतीच लागतात," असं ते वाडीवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. स्वतः मात्र दरड चढले नाहीत.

पुढे वर्षानुवर्षं त्यांनी ही हकिकत गंमत म्हणून सांगितली. लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या निरोप समारंभात. "आमची सहल अन् आमची ही रुसून मठात," असं. लोक हसायचे. आई वाढत असायची. रुसून! भरल्या वाळवंटात बाई तहानेनं मरायला टेकली होती आणि हे म्हणायचे रुसली. पुढे आमचं स्वतःचं घर झालं, तरी संडास झाला नाही. दोन हजार सालानंतर गावोगाव संडासांची मोहीम आली, नोकरदारांच्या घरी पाहिजेच असं वरून सांगणं आलं, तेव्हा महिन्याभरात बांधून झाला. अण्णांनी नारळ फोडला आणि दारापुढे उभं राहून फोटो काढून घेतला. तोवर आईचे गुडघे गेले होते, आणि त्या संडासात खाली बसायला तिला भिंतीचा आधार लागायचा. त्या फोटोत ती नाही.

पण मला सांगायचं आहे ते तिसऱ्या दिवसाचं.

त्या दिवशी सकाळी मी एकटीच अर्धं टरबूज खाल्लं होतं, कारण दुसरं खाण्यासारखं काही नव्हतं. दहा-अकराच्या सुमाराला माझ्या पोटात कळ आली. तंबूबाहेर आले तर नदी माणसांनी भरलेली. वाड्यांवर तोडणी चालली होती, गाड्या उभ्या होत्या, माणसं टरबुजं झेलून झेलून रचत होती. बाभळीखाली गाडीवान. मी इकडे गेले, तिकडे गेले. ज्या बाजूला बघावं तिकडून कुणीतरी बघत होतं. चारी बाजू मोकळ्या. मग मी पोट धरून दरड चढले आणि खोलीचं दार वाजवलं.

"कोण हाय?"

"मी."

आई आतूनच म्हणाली, "तुला तंबू पाहिजे व्हता न्हाई का?"

ती रागानं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती साधं विचारल्यासारखं बोलली. मी दाराला कपाळ टेकवून उभी राहिले. शेवटी म्हणाले, "आई, मला जायचंय."

कडी लगेच निघाली. आईनं माझा दंड धरला, ओढत मागच्या बाजूला नेलं, पाण्याची बादली आत ठेवली. "आतून कडी लाव," म्हणाली, आणि मी बाहेर येईपर्यंत दारापाशी उभी राहिली. संडासाला वर झरोका होता. त्यातून ऊन पडलं होतं. बाहेर गाडीवानांचे आवाज येत होते आणि मला त्यांची भीती वाटत नव्हती. आईला याच्यापलीकडे काही नको होतं. एवढंसं होतं ते, आणि मी हात वर करून ते तिच्याकडून काढून घेतलं होतं.

ती मला खोलीत घेऊन आली. आत्या भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आईनं दाराला कडी घातली. तिनं डोक्यावरून अंघोळ केली होती आणि भर दिवसा केस मोकळे सोडून ती बसली होती. तिचे केस कमरेखाली जातात हे मला तोवर माहीतच नव्हतं. तिनं मला तांब्याभर पाणी दिलं. मग स्वतःसाठी भरून घेतलं आणि सावकाश, मधे दम घेत, सगळं प्याली.

"आई," मी म्हणाले, "तू आत्याला सांगत व्हतीस, ते मी ऐकलं व्हतं. मतदानाच्या आधी."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "लसूण सोलत व्हतीस तू."

तिला पहिल्यापासून माहीत होतं. दोन दिवस माझ्या शिट्ट्यांवर भाकऱ्या थापतानाही माहीत होतं.

तेवढ्यात ओट्यावर पावलं वाजली. अण्णा शेवटी वर आले होते. त्यांनी दार ठोठावलं. "अगं, दोनची गाडी हाय. तंबू सोडायचेत, भांडी तशीच पडलीत. उघड."

आई हलली नाही. ती केसांतून बोटं फिरवत राहिली.

"पोरगी आत हाय का?"

आई माझ्याकडे बघत होती. उघड असंही नाही, उघडू नको असंही नाही.

"नायक," अण्णा बाहेरून म्हणाले, शिबिरात पोरांशी बोलायचे त्या आवाजात, "उठ, दार उघड."

मी उठले. दारापाशी गेले. कडी नीट बसली आहे का ते हात लावून बघितलं, आणि परत येऊन आईजवळ बसले.